कडुनिंबाखालची जागा

“मारोतराव, परवाच्या मॅचले तुम्ही येऊ नका जी,” गिरिधर एकदाचं बोलून गेला आणि खाली सतरंजीकडे पाहत बसला.

मारोतराव पान लावत होते. त्यांचं चुन्याचं बोट थांबलं.

“काहून गा?”

“क्लबातले म्हणतात...”

“काय म्हणतात?”

आता काय सांगणार, कपाळ! एकोणीस वर्षं त्यांच्या शुक्रवारी मोहल्ल्याचा फुटबॉल क्लब कपाच्या पहिल्याच मॅचमध्ये गार होत आला होता. एकोणीस वर्षं हे दोघं कस्तुरचंद पार्कावर त्याच कडुनिंबाखाली उभं राहून घसा फोडत आले होते. कामठीच्या पलटणीनं तर एकदा नऊ गोल चढवले, तरी दोघं शेवटची शिट्टी होईपर्यंत हलले नाहीत. आणि या वर्षी, छत्तीस साली, मारोतराव पुतण्याच्या लग्नाला पारशिवनीला गेले काय, क्लब पहिली मॅच तीन गोलांनी जिंकला! पनवती गावाबाहेर होती म्हणून जिंकलो, असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. गिरिधरही हसला. दोन दिवसांत मात्र कुणी हसेना. सगळ्यांना ते खरंच वाटायला लागलं. तुझे दोस्त आहेत, निरोप तूच दे, असं ठरलं.

“माझी पनवती लागते म्हणतात का?” शेवटी मारोतरावांनीच विचारलं.

गिरिधर सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत राहिला.

“ज्याच्या बाजूनं मी ओरडतो तो हरते, असंच ना?”

“मी नाही म्हणत जी. ते म्हणतात.”

“बरं. नाही येत कडुनिंबाखाली.” मारोतरावांनी विडा दुमडला आणि गिरिधरच्याच हातात ठेवला. “घे, खा.”

गिरिधरनं विडा खाल्ला, पण त्या रात्री जेवण टाकलं.

क्लब दुसरी मॅच जिंकला. सेमीफायनलही जिंकला. शुक्रवारीतली पोरंटोरं सोडा, म्हातारीकोतारीही रस्त्यात फुटबॉलच्या गोष्टी करायला लागली. वेडच लागलं म्हणा ना! गिरिधर कडुनिंबाखाली एकटा उभा राहायचा. गोल झाला की सवयीनं हात बाजूला जायचा, कुणाचा तरी खांदा धरायला, आणि तिथं कुणी नसायचं. जिंकल्याची लाज वाटणारा माणूस अख्ख्या पार्कावर तो एकटाच असावा.

फायनलच्या सकाळी त्याच्यानं राहवलं नाही. कोण काय म्हणेल ते म्हणो, मारोतरावांना घेऊनच जायचं, असं ठरवून तो त्यांच्या दारात गेला.

“आज कामठीवाले आहेत ना?” मारोतराव म्हणाले.

“हो जी.”

‘चला’ एवढाच शब्द बोलायचा होता. ओठांवर आलाही होता. पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कप समोर दिसत होता. आणि खरंच पनवती असली तर?

“जिंकलो की धावत येतो सांगाले,” गिरिधर म्हणाला.

“ये ना गा,” मारोतराव हसून म्हणाले.

कोपऱ्यावर आल्यावर गिरिधरनं स्वतःला अशी शिवी हासडली की समोरचा टांगेवाला वळून पाहायला लागला.

मध्यंतराला पलटण एका गोलनं पुढं होती. ते बूट घालून खेळत होते आणि आपले अनवाणी. केशवच्या अंगठ्यातून रक्त येत होतं, तरी कप्तान म्हणून तो सगळ्यांना धीर देत फिरत होता. गिरिधरनं सहज मैदानापलीकडे नजर टाकली आणि तो थिजला.

पलटणीच्या घोळक्यात काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. मारोतराव! दोन्ही हात उंचावून ओरडत होते.

“शाबास कामठी! अजून एक चढवा!”

इतके दिवस गिरिधर लाजेनं खाली मान घालून फिरत होता. ती लाज एका क्षणात उतरली. राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसंही वाटलं. या माणसासाठी आपण जेवण टाकलं? एक शब्द काय लागला, एकोणीस वर्षांचा क्लब विकून मोकळा!

उत्तरार्धात केशवनं दोन गोल मारले. शिट्टी झाली आणि सगळी शुक्रवारी मैदानात घुसली. कप हातोहात फिरायला लागला. तेवढ्यात पलीकडून मारोतराव धावत आले. टोपी पडलेली, डोळ्यांत पाणी. त्यांनी कपाकडे हात पुढं केला.

गिरिधर मध्ये आला.

“हात लावू नका. तुमच्या पलटणीत जाऊन रडा.”

आजूबाजूचे पाहत होते. मारोतरावांनी हात मागं घेतला आणि ते गर्दीतून निघून गेले. गिरिधरला वाटलं, बरी अद्दल घडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतरावांच्या पत्नी, गोपिकाबाई, ताटलीवर रुमाल झाकून त्याच्या दारात आल्या.

“भाऊजी, पेढे घ्या. कप आणला ना आपल्या क्लबानं. कालच सदरच्या बाजारातून आणून ठेवले होते यायनं.”

“ते नाही आले?”

“कालपासून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काय झालं ते सांगत नाहीत.”

“वहिनी, कशाचे पेढे वाटून राहिल्या तुम्ही?” गिरिधरचा आवाज चढला. “कामठीवाल्यांच्या बाजूनं ओरडून राहिले होते ते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी!”

“पाहिलं ना?” गोपिकाबाईंचा चेहरा खुलला. “मंग तुम्हीच सांगा क्लबातल्या लोकायले. नंतरच्या तिन्ही मॅचीले समोरच्यायच्या घोळक्यात जाऊन त्यायच्याच नावानं ओरडले हे, आपली पनवती त्यायले लागावी म्हणून.”