वयाचा मान

“मग दोघांत थोरलं कोण?” केकमध्ये सुरी खुपसता खुपसता मुख्य न्यायाधीश बोल्ससाहेबांनी विचारलं.

समारंभ होता बोल्ससाहेबांच्या निरोपाचा. त्यांच्यानंतर केंटकीतल्या त्या फेडरल कोर्टाचा मुख्य कोण, एवढाच प्रश्न उरला होता. नियम साधा. ज्याची नेमणूक जुनी, त्याची खुर्ची. पण कॉर्डेलिया स्टॅम्पर आणि रदरफर्ड प्रुइट या दोघांची नेमणूक एकाच तारखेची. अशा वेळी वयानं मोठा असेल तो मुख्य. मात्र पासष्टी गाठलेला नको. पासष्टीच्या आत एकदा बसला, की मग कुणी उठवत नाही. पण बसायच्या आधीच पासष्ट पूर्ण झाली, तर खुर्चीचं नाव काढायचं नाही.

“त्यात विचारायचं काय?” प्रुइटसाहेब टाय सारखा करत म्हणाले. “मी बासष्टचा. कॉर्डेलिया म्हणजे आपली कालची पोर.”

हा मनुष्य अठरा वर्षं हेच म्हणत आला होता. पहिल्याच दिवशी “वयाचा मान असतो, बाई” म्हणून त्यानं कोपऱ्यावरची मोठी खोली घेतली. दाराजवळची गाडीची जागा घेतली. खोलीला लागून असलेलं स्वच्छतागृह ओघानं त्याचंच झालं. कॉर्डेलियाबाई म्हणजे या कोर्टात न्यायाधीश म्हणून आलेली पहिली बाई. त्यांची ती सोय होती तळघरात, कैद्यांच्या कोठडीच्या पलीकडे. जाता-येता कैदी अदबीनं उठून उभे राहायचे आणि “नमस्कार, जज्जबाई!” म्हणायचे. सकाळी ज्या दरोडेखोराला हसून नमस्कार करायचा, त्यालाच दुपारी वीस वर्षं ठोठावायची. कसंतरीच व्हायचं हो!

पण उलटून बोलायची सोय नव्हती. कारण कागदावर बाई होत्या अठ्ठावन्नच्या आणि खऱ्या होत्या चौसष्टच्या. लग्नाआधी नवऱ्याला, म्हणजे लॉनीला, सहा वर्षं कमी सांगितली, मग तीच थाप सगळीकडे चालू राहिली. डोंगरातल्या खेड्यात जन्म, दाखला कुणी ठेवलाय? आपण सांगू ते वय. भल्याभल्या लबाडांकडून खरं वदवून घेणारी ही बाई घरी दर वाढदिवसाला मेणबत्त्यांत काटछाट करायची. लॉनी साठचा. तो तिला लाडानं “पोरी” म्हणायचा, आणि त्या एका शब्दापायी बाईंनी तीस वर्षं खोट्याचा संसार केला होता.

तोच लॉनी आता शेजारी उभा राहून निवांत हॅम खात होता. पुढच्या महिन्यात बाईंना पासष्ट पूर्ण होणार होती. आज गप्प बसल्या तर खुर्ची गेली ती कायमची. बोलल्या तर “पोरी” गेलं. त्यांनी एकदा बोल्ससाहेबांच्या खुर्चीकडे बघितलं, एकदा लॉनीकडे, आणि डोळे मिटून घेतले.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “मी चौसष्टची आहे.”

कुणाच्या तरी हातून काटा पडला. केंटकीत बाईमाणसाला वय उलटतपासणीतसुद्धा विचारत नाहीत, आणि इथे बाई आपण होऊन सांगत होत्या! लॉनीचा घास तोंडातच राहिला. तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. प्रुइटसाहेबांचा चेहरा पडला.

तेवढ्यात मागून एक फुलाफुलांची टोपी तरातरा पुढे आली. टोपीखाली प्रुइटसाहेबांची धाकटी बहीण ऑर्लीन. भाऊ मुख्य होणार म्हणून गावाकडून मुद्दाम आलेली.

“चौसष्टचं काय कौतुक सांगता?” ती कडाडली. “मी सहासष्टची आहे! आणि हा आमचा दादा मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचा. बासष्ट म्हणे! केस काळे केले म्हणून वय उतरतं का रे? सांग ना त्यांना!”

“ऑर्लीन, खाली बस,” प्रुइटसाहेब दात आवळून म्हणाले.

“का म्हणून बसू? थोरला तूच आहेस. खुर्ची तुझीच. स्वतःच्या हक्काचं मागायला लाजतोस काय, मेल्या?”

बोल्ससाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “प्रुइट, बहीण सहासष्टची. मग तुम्ही हो किती?”

प्रुइटसाहेब छताकडे बघत म्हणाले, “माझं गणित पहिल्यापासून कच्चं आहे.”

आधी कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळी खोली हसायला लागली. फक्त कॉर्डेलियाबाई हसल्या नाहीत. त्या लॉनीकडे बघत होत्या. लॉनीचं मोजून झालं होतं.

“म्हणजे लग्नात मी तुझ्याहून लहान होतो?” त्यानं हळूच विचारलं.

“चार वर्षांनी,” बाई पुटपुटल्या.

लॉनीनं हॅमचा घास गिळला. “माझ्या आईला यातलं काही कळता कामा नये,” तो म्हणाला. “ती अजून म्हणते, लहान पोर करून आणलीस म्हणून स्वयंपाक बेताचा. पण काय गं पोरी, माझ्यापासून लपवायचं?”

बाईंचे डोळे एकदम भरून आले. अठरा वर्षांत कोर्टाच्या आवारात पहिल्यांदाच.

बोल्ससाहेबांनी घसा खाकरला आणि सुरी त्यांच्या हाती दिली. नव्या मुख्य न्यायाधीशांनी डोळे पुसले, केकचा चांगला जाडजूड तुकडा कापला, बशीत नीट ठेवला आणि सगळ्यांच्या आधी प्रुइटसाहेबांपुढे धरला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “वयाचा मान असतो.”