एक सलग वाक्य

“जा ना गं, विचार. खाणार आहे का तो तुला?”

जवळच एक शाळकरी मुलगी मैत्रिणीला म्हणत होती. देमियानुसने मान वर केली नाही. जावामधल्या बोरोबुदुरच्या संग्रहालयापाशी तो दगड बघत उभा होता. स्तूपाच्या दुरुस्तीत ज्यांची मूळ जागा सापडली नाही, असे असंख्य दगड तिथे रांगेने मांडून ठेवलेले आहेत. 

त्याचे इंग्रजीचे सर, पाक सुगेंग, दर महिन्याला वर्गाला एखाद्या जुन्या बौद्ध मंदिरात घेऊन यायचे. दगड, पायरी, कमळ, घंटा. वस्तूसमोर उभं राहून शिकलेला शब्द विसरला जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. देमियानुसला शब्द यायचे. वाक्य मात्र मध्येच तुटायचं.

“आज एका तरी परदेशी माणसाशी बोल,” बसमधून उतरताना सरांनी बजावलं होतं. “एक वाक्य न अडखळता पूर्ण कर. सोमवारी मुलाखतीत तुझे सुटे शब्द कुणी ऐकून घेणार नाही.”

मुलाखत न्यूझीलंडच्या शिष्यवृत्तीची होती. पण आज जिकडेतिकडे शाळांच्या सहली होत्या आणि प्रत्येक गोऱ्या माणसाभोवती गणवेशातल्या मुलांचं कडं होतं. तासभर हिंडून देमियानुस इथे, दगडांपाशी आला होता.

“तूच जा, रेत्नो. मला भीती वाटते.”

“भित्री कुठली! बाईंना फोटो दाखवायचाय ना? बाकीचे परदेशी सगळ्यांनी पळवले. हा एकच उरलाय.”

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. उरलेला परदेशी म्हणजे तो.

तिघी जणी समोर येऊन उभ्या राहिल्या. रेत्नोने पाठ केलेलं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं. “माफ करा मिस्टर, आम्ही पुर्वोरेजोच्या शाळेतून आलो आहोत. आम्ही तुमच्याशी इंग्रजी बोलू का?”

खरं तिथेच सांगायला हवं होतं. तो वामेनाचा, पापुआच्या डोंगरातला. देश या मुलींचाच, भाषा तीच, शाळेत सोमवारचं झेंडावंदनही तेच. रंग तेवढा काळा आणि केस कुरळे. पण रेत्नो हसत होती. शिकायला जोगजा शहरात येऊन त्याला चार महिने झाले होते. तिथे त्याचा चेहरा बघितल्यावर घरमालकिणींना खोली नुकतीच दिल्याचं आठवायचं. खानावळीत त्याच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहायची.

“हो,” तो इंग्रजीत म्हणाला.

जेवायला काय आवडतं, असं त्यांनी विचारलं.

“रताळी. आम्ही... दगड गरम... मग त्याच्यावर...”

रेत्नो वळून आपल्या भाषेत शेजारच्या वुलानला म्हणाली, “याला दगडांचंच वेड आहे गं! बघायला पण दगड, जेवायला पण दगड.”

देमियानुसने ओठ आवळून हसू दाबलं. तिघींतली तिसरी, अंबर, अजून एक शब्दही बोलली नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती पाहतच राहिली.

“तुम्ही होमसिक आहात का?” वुलानने इंग्रजीत विचारलं.

हा शब्द त्याला कधी भेटला नव्हता. तो गोंधळला.

“बरोबर विचारलं ना मी?” वुलान रेत्नोच्या कानाशी लागली. “घरची आठवण येते का, असंच ना?”

मग त्याला कळलं. “होमसिक,” तो म्हणाला. “हो. खूप. रोज.”

“बिचारा. एवढ्या लांबून एकटाच आलाय. आई वाट बघत असेल याची.”

जावामध्ये त्याच्याबद्दल असं कुणी पहिल्यांदाच बोलत होतं. ते तो पुन्हा ऐकायला तयार होता, मिस्टर म्हणून का होईना.

फोटोसाठी रेत्नो अगदी खेटून उभी राहिली. मोबाइलकडे बघत, हसू तसंच ठेवून ती वुलानला म्हणाली, “लांबून मला वाटलं, पापुआचा आहे की काय. तसा असता तर मी नसते बाई आले जवळ.”

“शू!”

“शू काय? त्याला कुठे कळतंय?”

फोटो चांगला आला. त्यात तो हसतोय.

निघताना वुलानला आठवलं की पहिलाच प्रश्न राहून गेला. “मिस्टर, तुमचा देश कोणता?”

“माझा... मी...”

“आफ्रिका?” तिने मदत केली.

त्याने होकारार्थी मान हलवली. त्या आभार मानून गेल्या. तो पुन्हा दगडांकडे वळला.

“काक.”

मोठ्या भावाला हाक मारावी तशी ती हाक होती. चार महिन्यांत ती त्याला कुणी मारली नव्हती. अंबर धावत परत आली होती, तिला धाप लागली होती.

“काक, तुम्हाला सगळं कळत होतं ना? रेत्नो दगडांवरून बोलली तेव्हा तुम्ही हसू दाबलंत. मी बघितलं.” ती बोलत होती ती त्याचीही भाषा होती. “मी तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रागावलात का?”

“अंबर, चल ना!” लांबून रेत्नो ओरडली. “लग्न करतेस की काय त्याच्याशी?”

अंबर हलली नाही. तिचे डोळे भरून आले होते. नाही रागावलो, एवढंच म्हणायचं होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

तो ताठ उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, “माफ करा, मला तुमची भाषा येत नाही.”

वाक्य कुठेही तुटलं नाही.