कच्ची दुमड

शेजारच्या शुभदाने दारात गिरकी घेतली आणि तिचा पिवळा स्कर्ट छत्रीसारखा उघडला. वच्छलाबाई हातात खडू घेऊन उंबऱ्याशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांची नजर पोरीच्या तोंडाकडे नव्हती, स्कर्टच्या खालच्या कडेवर होती.

"आज्जी, घेर सारखा हाय का?"

"डाव्या अंगाला लोंबायलाय जरा. अजून एक घे."

जिंतूरच्या त्या गल्लीत हा सवालजबाब सगळ्यांना पाठ होता. वच्छलाबाई भाच्यांना, शेजारपाजारच्या आणि मैत्रिणींच्या पोरींना घेराचे स्कर्ट शिवायच्या. बायकांना कमरेला बांधायचे एप्रन. स्कर्टची खालची दुमड त्या आधी कच्च्या टाक्याने धरून ठेवत. लांब लांब पांढरे टाके, ओढले की निघतील असे. पोरीने गिरकी घ्यायची, घेर सारखा आहे का ते विचारायचं, मग खडूची खूण, आणि मगच दुमडीवर मशीन फिरायची. नुसतं उभं राहून घेर कळत नाही, असं त्या म्हणत.

त्यांची लेक शिवकन्या आत पिशवी भरत होती. ती परभणीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. रविवारी यायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. गिरक्या चालू असल्या की तिला आत काहीतरी काम निघायचं.

तेराव्या वर्षी ती याच दारात उभी होती. अंगात नवा जांभळा स्कर्ट. ओसरीवर मावश्या, शेजारणी बसलेल्या. घे गिरकी, असं आईने म्हटल्यावर ती म्हणाली होती, "मला काय तमाशात नाचायचंय?" एकदोघी हसल्या. वच्छलाबाईंनी खडू उंबऱ्यावर ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्कर्टच्या उशांच्या खोळी झाल्या होत्या. त्यानंतर त्यांनी लेकीला कधी स्कर्ट शिवला नाही, आणि का शिवत नाही ते सांगितलंही नाही. शिवकन्येला ते बोलणं मागे घ्यायचं होतं. त्या वर्षी जमलं नाही. मग तीस वर्षं जमलं नाही.

लग्नानंतर मात्र दर वर्षी आईकडून एक एप्रन मिळे. ते भलतेच रुंद असत. नाड्या लांबलचक आणि दुमड कच्चीच राहिलेली. पहिला हातात आला तेव्हा ती म्हणाली होती, माप चुकलंय तुझं. "चुकलं असंल," वच्छलाबाई म्हणाल्या. "हितंच बांधून बघ एकदा." तिने बांधून पाहिला नाही. पुढे पुढे ती काही बोलेनाशी झाली. आईची नजर गेली असावी, शिवण पुरी करायचं राहून जात असावं, असं ती धरून चालली. एक एप्रन तिने मिक्सरवर झाकण म्हणून टाकला होता. बाकीचे कपाटात होते.

त्या रविवारीही वच्छलाबाईंनी मशीनवरून एक उचलला. हिरवा, बारीक पांढऱ्या फुलांचा. बांधून बघ, म्हणाल्या. शिवकन्येने घड्याळ पाहिलं. पुढच्या वेळी नेते, म्हणाली आणि स्टँडकडे निघाली.

बुधवारी सकाळी वच्छलाबाई चहा टाकायला उठल्या आणि ओट्याशीच खाली बसल्या. डॉक्टर येईपर्यंत गेल्या होत्या.

तेरवीला गल्लीतल्या बायका ओसरीपुढच्या अंगणात स्वयंपाकाला बसल्या. जिच्या तिच्या कमरेला वच्छलाबाईंच्या हातचा एप्रन होता. शिवकन्येने पाहिलं, सगळे बेताचे. पोट आणि मांड्या झाकतील एवढेच. सगळ्यांच्या दुमडीवर मशीनची बारीक, सरळ टीप.

धम्मशीलामावशी पोळ्या लाटत होत्या. वच्छलाबाईंची चाळीस वर्षांची मैत्रीण. शिवकन्येने विचारलं, आईला शेवटी शेवटी दिसत नव्हतं ना?

"कुणी सांगितलं? माझी सुई तीच ववून द्यायची," मावशी म्हणाल्या. "चार बोटं जास्तीचं कापड मागितलं तर दिलं न्हाई मला. म्हणली, एप्रन पोट झाकायला असतोय, मिरवायला न्हाई."

बायका हसल्या.

शिवकन्या आत गेली. हिरवा एप्रन मशीनवरच होता. तिने तो ड्रेसवर कमरेला गुंडाळला. कापड पाठीमागे गेलं, तिथेही थांबलं नाही. दोन्ही टोकं एकमेकांवर चढली. लांब नाड्या कमरेला वेढा घालून पुढे आल्या, बरोबर गाठ बसेल एवढ्या. कमरेच्या चुण्या मोकळ्या झाल्या आणि कापड पोटऱ्यांपर्यंत घेर धरून खाली उतरलं. दुमडीतले पांढरे टाके तिने बोटांनी चाचपले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या अंतरावर होते.

मशीनच्या खणात खडू होता. तो तिने उंबऱ्यावर ठेवला.

अंगणातून बायका बघत होत्या. मावशींचं लाटणं थांबलं. शिवकन्या दारात उभी राहिली आणि तिने एक गिरकी घेतली. त्रेचाळिसाव्या वर्षी, जराशी अडखळत. मग मशीनपुढच्या रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून म्हणाली,

"आई, घेर सारखा हाय का?"