बिनलेबलाच्या बाटल्या

म्हाताऱ्याने फडताळावरची डावीकडची बाटली उचलली आणि ग्लासात ओतली. त्याच्या बारमध्ये बाटल्यांना लेबलं नव्हती. माल आला की तो काचेच्या एकसारख्या बाटल्यांत भरून ठेवी आणि नाकाने ओळखी. लेबल वाचून ओततो तो कारकून, असं गिऱ्हाइकांना ऐकवी.

पेय जुनंच, ओल्ड फॅशन्ड. फक्त व्हिस्कीच्या जागी मेझकाल, खड्ड्यात भाजलेल्या घायपाताची, धुराच्या वासाची. त्याने साखरेचा पाक घातला, कडू अर्काचे थेंब सोडले, बर्फाचा मोठा तुकडा टाकून सावकाश ढवळलं. संत्र्याची साल वरून पिळली. मग ग्लास नाकाशी धरून डोळे मिटले, "हं" म्हणाला, आणि तो समोर बसलेल्या वकीलसाहेबांपुढे सरकवला.

मोठ्या तापातून उठल्यापासून त्याला कसलाच वास येत नव्हता. हे त्याने लेकीलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं, तर काउंटरमागे उभं राहायचं कशाच्या जोरावर?

वकील रोजचे. त्यांनी एक घोट घेतला, मग आणखी एक.

"मालक, आज चूल पेटलीच नाही वाटतं. धूर कुठाय?"

शेजारच्या स्टुलांवरची मंडळी हसली.

पलीकडे ग्लास पुसणारी लेक फडकं खांद्यावर टाकून पुढे आली. तिने ग्लास हुंगला.

"टकीला आहे ही, बिनधुराची. माझी चूक, काका. दुपारी फडताळ पुसताना बाटल्यांची अदलाबदल झाली माझ्याकडून."

"कितीदा सांगितलंय, त्या बाटल्यांना हात लावायचा नाही," म्हातारा म्हणाला. आवाज नको तितका चढला. "इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, अजून डावं-उजवं कळत नाही?"

ती खाली मान घालून ऐकत होती.

"असू द्या हो," वकील म्हणाले. "पोरीला कशाला बोलता?"

दुपारी फडताळ त्यानेच पुसलं होतं. लेक तेव्हा बाजारात होती.

तो वळून मोरीपाशी गेला आणि धुतलेली गाळणी पुन्हा धुऊ लागला. कान तापले होते. लेक शेजारी येऊन उभी राहिली.

"तुला ठाऊक होतं?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"परवा दूध करपलं. वास कसला म्हणून शेजारच्या मावशी विचारायला आल्या. तुम्ही ओट्यापाशीच पेपर वाचत बसला होतात."

"मग माझी बोलणी का खाल्लीस?"

"चार माणसांत काय सांगणार होते, बाबा?"

त्याने नळ बंद केला. तिने दुसरी बाटली काढली, हुंगली आणि त्याच्या हातात दिली. त्याने पुन्हा सगळं केलं. पाक, थेंब, बर्फ. साल त्याने दोनदा पिळली. वकील वाट बघत होते, स्टुलांवरची मंडळीही.

त्याने ग्लास लेकीपुढे धरला.

"तूच बघ," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला वास येत नाही. बाटल्या मीच हलवल्या होत्या."

कुणी हसलं नाही. वकिलांनी नजर काउंटरवर वळवली. लेक ग्लासावर वाकली.

"सांग."

"लाकूड पेटवून लगेच विझवल्यासारखं," ती हळूच म्हणाली.

"आणि संत्रं?"

"आहे, बाबा. जरा जास्तच पिळलंत."