दहावा ठोका

शिवणक्लासच्या नावाखाली छाया दर रविवारी बोरगाव मेघेला फ्लामेंकोच्या कार्यशाळेला जाई. टाचा आपटत करायचा हा स्पेनचा नाच. बारा ठोक्यांचा एक फेरा. घरचे सगळे वावरात गेले की दुपारी तिचा सराव चाले. मागे उरायच्या फक्त सासूबाई, कुंताबाई, पलीकडच्या खोलीत चटईवर आडव्या झालेल्या. त्यांना दहा वर्षांपासून काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे छाया बिनघोर होती.

आज फेरा संपवून ती वळली, तर कुंताबाई दारात उभ्या. नजर छायाच्या पायातल्या, टाचांना खिळे ठोकलेल्या बुटांवर.

छायाने घाईघाईने बूट काढून हात जोडले. कुंताबाईंनी दाराला आतून कडी घातली.

“घाल ते.”

छाया जागची हलली नाही.

“घाल म्हटलं ना!”

तिने बूट चढवले. कुंताबाई खाली बसल्या आणि त्यांनी तळहात फरशीवर टेकवला.

“महिना झाला, दुपारचा डोळा लागत नाई मले. नऊ ठोके बरोबर पडते, अन् दहावा रोज चुकते. तो पडत नाई तोपर्यंत कडी उघडनार नाई मी.”