अकरा पंखे

बांधावर आल्यापासून कोंडीरामआबा एका जागी बसले नव्हते. उद्या नातीला, शिवांजलीला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यायचं होतं. सहा महिन्यांपूर्वी तिच्या चष्म्याचा नंबर तीनवर गेला होता. तो वाढायचा थांबणार नाही, पण वाढ सावकाश होईल असं बघता येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज रात्री थेंब, दिवसा दोन तास उघड्यावर, आणि पुस्तक जरा कमी.

कमी म्हणजे किती, हे विचारायला आबांची जीभ रेटली नाही. चाळीस वर्षं ईट गावच्या वाचनालयात काढलेला माणूस. पोरीला वाचनाचा नाद त्यांनीच लावलेला. घरी आल्या आल्या त्यांनी गोष्टींच्या पुस्तकांचं कपाटच बंद केलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली.

तेव्हापासून रोज शाळा सुटली की ते तिला शेतात आणत. समोरच्या डोंगरावर अकरा पवनचक्क्या. किती पंखे फिरतायत, असं ते विचारत. ती चष्म्यातून बघून सांगे. उत्तर बरोबर आलं की आबांना रात्री झोप लागे.

"सांग बघू आज."

शिवांजलीनं चष्मा वर सरकवला. "अकरा. समदे फिरत्यात."

आबांनी डोंगराकडं पाहिलं. तिसऱ्या पवनचक्कीची पाती कालच दुरुस्तीला उतरवली होती. नुसता खांब उभा होता.

ते बांधाच्या टोकापर्यंत गेले, परत आले. रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना.

"कवापासून दिसत न्हाय?"

ती पायानं ढेकूळ फोडत राहिली. "दिवाळीपासून. नंबर वाढला म्हनलं असतं, तर तुमी कपाट कवाच उघडलं नसतं."

आबा खाली बसले. ती खेळायला लांब गेली की ते स्वतः चोरून वाचत, ते पुस्तक त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढलं. चार माणसांत त्यांनी कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं.

"तू डोंगराकडं बघ. मी वाचतो."

पहिल्या ओळीला आवाज कापला. दोन पानं झाल्यावर तिनं डोंगरावरची नजर न हलवता विचारलं, "उद्या डॉक्टरला कोन सांगनार?"

"मी सांगतो. कपाटाचंबी."

तिनं डोळे बारीक करून डोंगराकडं पाहिलं.

"खरं किती फिरत्यात, आबा?"

"धा," आबा म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.