घातक हत्यार

“अतिरेक्यांचा मोठा कट उधळला,” मंत्री टीव्हीवर सांगत होते. पुढ्यातल्या टेबलावर जप्त केलेली हत्यारं मांडली होती. त्यातला पांढऱ्या मुठीचा वस्तरा बघून सासूबाई कडाडल्या, “अगं, हा तर आपल्या शकूर न्हाव्याचा!”

पुढं कोर्टानं पुराव्याअभावी शकूरभाईंना सोडलं. तरी त्यांच्या दुकानासमोर पोलिसांची जीप उभीच असायची. गिऱ्हाईक फिरकेना.

बाळाचं जावळ काढायचं होतं. “शकूरकडेच,” सासूबाई म्हणाल्या. मी आढेवेढे घेतले, पण बाळाला घेऊन त्यांच्या मागं गेले.

शकूरभाई खुर्ची झटकत सासूबाईंना म्हणाले, “वहिनी, वस्तरा अजून पोलिसांकडेच आहे. नवा आणतो.”

“नवा कशाला?” सासूबाई जीपकडे वळल्या. “साहेब, ते घातक हत्यार परत द्या. ह्या पोराच्या बापाचं जावळ त्यानंच काढलं होतं.”

“आजी, वरून पक्की माहिती आहे. माणूस धोकादायक आहे,” फौजदार म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “बाई, तुम्ही तरी पोराचा विचार करा.”

मी विचार केला. बाळाचं टोपडं काढलं आणि त्याला मांडीवर घेऊन शकूरभाईंच्या खुर्चीत बसले.